संकेतार्थी वाक्य आणि पोर्तुगीजभाषकांचे इंग्रजी : व्याकरणपरंपरेचा एक आढावा

परभाषा शिकताना होणाऱ्या चुकांचे खापर बहुधा विद्यार्थ्याच्या माथी फोडले जाते. त्याने नियम नीट पाठ केला नाही, किंवा मातृभाषेची सवय त्याला सुटली नाही, अशी कारणे सांगितली जातात. परंतु एकाच भाषेच्या भाषकांकडून पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी ज्या चुका होत आल्या, त्यांचे मूळ केवळ विद्यार्थ्यात शोधून भागत नाही. त्याच्या हाती जे व्याकरण दिले गेले त्याचीही तपासणी करणे अवश्य ठरते. पोर्तुगीज मातृभाषा असलेल्यांचे इंग्रजी हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे उदाहरण आहे. त्यांच्या अडचणींपैकी संकेतार्थी वाक्यांची व त्यांतील क्रियापदांच्या काळांची अडचण सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट आहे. तिचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, दोन्ही भाषांना समान म्हणून लावलेल्या लॅटिन व्याकरणाच्या चौकटीने त्यांच्यातील खरा भेद दीर्घकाळ झाकून ठेवला. तो भेद थोडक्यात असा : जे कार्य पोर्तुगीज भाषा क्रियापदाच्या अर्थाने करते, तेच इंग्रजी भाषा काळाने करते. येथे ‘अर्थ’ हा शब्द स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ या मराठी व्याकरणातील पारिभाषिक भेदांना अनुलक्षून योजला आहे.

१

प्रथम दोन्ही भाषांची आजची रचना पाहू. ‘पाऊस पडला तर आम्ही घरी राहू’ असे म्हणावयाचे झाल्यास पोर्तुगीज भाषक गौणवाक्यात ‘से शोव्हेर’ अशी योजना करतो. ‘शोव्हेर’ हे भविष्यकालीन संभावनार्थाचे रूप होय. ‘पाऊस पडतो तेव्हा आम्ही घरी राहतो’ असा नेहमीचा क्रम सांगावयाचा असेल, तर मात्र ‘से शोव्हे’ असे वर्तमानकाळाचे साधे स्वार्थी रूप येते. म्हणजे एकदाच घडू शकणारी भावी गोष्ट आणि वारंवार घडणारी गोष्ट यांतील भेद पोर्तुगीजमध्ये क्रियापदाच्या रूपानेच कळतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘इफ इट रेन्स’ एवढेच म्हणतात. भेद ओळखावयाचा तो प्रधानवाक्यावरून. पोर्तुगीज विद्यार्थ्याला येथे काहीतरी सुटल्यासारखे वाटते. त्याच्या व्याकरणात ‘शोव्हेर’ या रूपाचे नाव ‘भविष्य’ या शब्दाने सुरू होत असल्यामुळे तो इंग्रजीत भविष्यकाळाचे चिन्ह शोधू लागतो आणि ‘विल’ हे साहाय्यक क्रियापद गौणवाक्यात आणून बसवण्याचा मोह त्याला होतो. ‘जेव्हा’ या अर्थाच्या ‘क्वांदु’ या अव्ययानंतरही पोर्तुगीजमध्ये हेच रूप येते. त्यामुळे हा मोह कालवाचक वाक्यांतही होतो.

वस्तुस्थितीविरुद्ध कल्पना सांगणाऱ्या वाक्यांत अडचण निराळी आहे. ‘माझ्याजवळ पैसे असते तर मी घर घेतले असते’ या वाक्यातील आजच्या काळाची कल्पना पोर्तुगीज भाषक ‘तिव्हेस’ या भूतकालीन संभावनार्थाने व्यक्त करतो. हे रूप स्वार्थातील भूतकाळाहून स्पष्टपणे वेगळे आहे. इंग्रजीत मात्र ‘हॅड’ हे एकच रूप खऱ्या भूतकाळासाठीही येते आणि कल्पनेसाठीही येते. प्रधानवाक्यात प्रमाण पोर्तुगीजमध्ये ‘कोंप्रारिया’ असे रूप येते व त्याला इंग्रजीतील ‘वुड बाय’ बरोबर जुळते. परंतु बोलण्यात, विशेषतः पोर्तुगालमध्ये, त्याऐवजी ‘कोंप्राव्हा’ हे अपूर्ण भूतकाळाचे रूप सर्रास वापरतात. त्याचे शब्दशः इंग्रजी केले की प्रधानवाक्यातही भूतकाळ येतो आणि ‘घेतले असते’ याचे ‘घेतले’ होऊन बसते. व्यापारी पत्र असो वा कराराचा मसुदा असो, घडलेली गोष्ट आणि न घडलेली गोष्ट यांतील फरक अशा वाक्याने पुसला जातो. म्हणून हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाच्या पायरीचा नाही.

२

ही रूपे कोठून आली हे पाहिले म्हणजे दोन भाषांतील अंतर पूर्वी आजच्याएवढे नव्हते, हे लक्षात येते. पोर्तुगीज भविष्य-संभावनार्थ हा लॅटिनमधील पूर्ण भविष्यकाळ आणि पूर्णकालीन संभावनार्थ यांच्या मिश्रणातून उत्पन्न झाला. ‘करणे’ या क्रियापदाचे ‘फिझेर’ हे रूप ‘फेकी’ या लॅटिन पूर्णकालीन रूपाच्या अंगावर उभे आहे. शेजारच्या स्पॅनिश भाषेतही हे रूप होते. परंतु तेथे ते बोलण्यातून गेले आणि मुख्यतः कायद्याच्या भाषेत व ठरीव वचनांत शिल्लक राहिले. पोर्तुगीजमध्ये ते अगदी लहान मुलांच्या तोंडीही जिवंत आहे.

‘कोंप्रारिया’ या जातीच्या रूपाची कथा याहून बोधप्रद आहे. लॅटिनमध्ये धातुसाधित नामापुढे ‘जवळ असणे’ या अर्थाचे क्रियापद जोडून भविष्यकाळ सांगण्याचा प्रघात पडला. त्या क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपातून ‘आमारेइ’ म्हणजे ‘मी प्रेम करीन’ हे भविष्य निघाले, आणि भूतकाळी रूपातून ‘आमारिया’ निघाले. या दोन शब्दांमधला सांधा आजही उसवता येतो. प्रमाण लेखनात ‘मी तुला देईन’ हे ‘दार-ते-एइ’ असे आणि ‘मी तुला दिले असते’ अथवा ‘देईन असे म्हणालो’ या अर्थी ‘दार-ते-इया’ असे लिहितात. सर्वनाम धातू व प्रत्यय यांच्या मधोमध जाऊन बसते. इंग्रजीत ‘वुड’ हे ‘विल’चे आणि ‘शुड’ हे ‘शॅल’चे मूळचे भूतकाळी रूप होय. दोन्ही भाषांनी भिन्न सामग्री वापरून एकच गोष्ट केली : भूतकाळात उभे राहून पाहिलेले भविष्य हेच पुढे असिद्ध संकेताचे फल सांगण्याचे साधन झाले.

सोळाव्या व सतराव्या शतकांत साम्य याहूनही अधिक होते. त्या काळच्या पोर्तुगीजमध्ये ‘मला ठाऊक असते तर मी आलो नसतो’ या धर्तीच्या वाक्यात ‘सोबेरा’ आणि ‘व्हिएरा’ अशी पूर्णभूतकाळाची एकाच जातीची रूपे दोन्ही उपवाक्यांत येत. त्याच काळच्या इंग्रजीतही ‘हॅड’ हे दोन्ही उपवाक्यांत येऊ शके. सिद्ध होऊ शकणाऱ्या संकेतासाठी इंग्रजीत ‘इफ इट बी’ अशी संभावनार्थी रूपे प्रचलित होती. पुढे इंग्रजीतील ही रूपे क्रमशः मागे पडली. ‘इफ आय वेअर’ यासारखे थोडे अवशेष राहिले. पोर्तुगीजने उलटपक्षी आपला संभावनार्थ राखला. म्हणजे दोन भाषा परस्परांपासून दूर जात असतानाच त्यांना जोडणारी व्याकरणे लिहिली जात होती.

३

या व्याकरणांचा साचा लॅटिनचा होता. फेर्नांव द ओलिव्हेइरा यांचे पोर्तुगीज व्याकरण १५३६ साली आणि जुआंव द बारुश यांचे १५४० साली प्रसिद्ध झाले. १५७२ मध्ये मानुएल आल्व्हारिश या जेझुइट पंडिताचे लॅटिन व्याकरण लिस्बन येथे छापले गेले आणि जेझुइट विद्यालयांबरोबर ते जगभर पसरले. या परंपरेत क्रियापदाच्या अर्थांची यादी लॅटिनवरून घेतलेली असे. एकच रूप इच्छा सांगताना एका नावाखाली आणि गौणवाक्यात दुसऱ्या नावाखाली मांडण्याची रीत होती. इंग्रजी व्याकरणकारही याच वाटेने गेले. ‘मे’, ‘कॅन’, ‘वुड’, ‘शुड’ या साहाय्यक क्रियापदांसाठी त्यांनी शक्यार्थ नावाचा एक स्वतंत्र अर्थ मानला. लिंडले मरे यांच्या १७९५ सालच्या सुप्रसिद्ध शालेय व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, शक्यार्थ, संभावनार्थ व धातुसाधित असे पाच अर्थ सांगितलेले आहेत.

या साच्याचा आवाका केवढा होता हे गोव्यातील एका उदाहरणावरून कळते. टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधील विल्टशरचा रहिवासी १५७९ साली गोव्यास आला. त्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. कोकणीचे त्याने रचलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, त्याच ठिकाणी प्रसिद्ध झाले व १८५७ मध्ये कुन्य रिव्हारा यांनी ते पुनर्मुद्रित केले. जन्माने इंग्रज असलेला ग्रंथकार कोकणीचे नियम पोर्तुगीज भाषेत सांगतो, आणि त्यांची मांडणी लॅटिनच्या चौकटीत करतो. भाषा कोणतीही असो, चौकट एकच, अशी त्या युगाची श्रद्धा होती.

तथापि इंग्रजीपुरता एक स्वतंत्र विचार याच शतकात पुढे आला होता. जॉन वॉलिस यांनी १६५३ साली परकीयांच्या उपयोगासाठी लॅटिनमधून इंग्रजीचे व्याकरण लिहिले व लॅटिनचे नियम इंग्रजीवर लादण्याच्या प्रथेस हरकत घेतली. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्या योजनेचा पुरुषानुसारी नियम त्यांच्याच ग्रंथामुळे रूढ झाला. शाळांतून पुढे इंग्रज मुलांना घोकाव्या लागलेल्या या नियमाचे मूळ परकीयांच्या अडचणीत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पण या नियमाने भविष्यकाळाचा उलगडा झाला तरी संकेतार्थी गौणवाक्यात तो काळ का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

४

पोर्तुगीजभाषकांना इंग्रजीची गरज मुख्यतः व्यापारामुळे भासली. १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्रजी लोकरी कापड व पोर्तुगीज मद्य यांची देवघेव वाढली. लिस्बन आणि पोर्तो येथे इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारी भरभराटीस आल्या. १७३१ साली लंडनमध्ये जेकब द कास्त्रो यांचे दुहेरी व्याकरण निघाले. त्यात इंग्रजांसाठी पोर्तुगीज आणि पोर्तुगीजांसाठी इंग्रजी अशा दोन्ही बाजू होत्या. १७६२ मध्ये लिस्बन येथे कार्लुश बेर्नार्दु द सिल्व्हा तेलिश द मेनेझिश यांचे पोर्तुगीजमधून लिहिलेले इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लाउथ यांचे प्रमाणभूत ठरलेले व्याकरण त्याच वर्षीचे.

अशा द्विभाषिक ग्रंथांची स्वाभाविक पद्धत म्हणजे रूपावलींचे समांतर रकाने. एका रकान्यात एका भाषेचे रूप, शेजारी दुसऱ्या भाषेचे रूप. आणि वर लॅटिन परंपरेतील अर्थाचे व काळाचे नाव. या पद्धतीत प्रत्येक रूपाला जोडीदार मिळालाच पाहिजे. पोर्तुगीजमध्ये भविष्य-संभावनार्थ आहे, तेव्हा इंग्रजीतही तो असला पाहिजे, असे मानणे ओघाने येते. मग ‘इफ’ हे अव्यय व ‘शॅल’ हे साहाय्यक जोडून ती रिकामी जागा भरावयाची. अठराव्या शतकाच्या इंग्रजीत अशी योजना काही प्रसंगी चालत असल्यामुळे ती उघड चूकही ठरत नसे. परंतु जे रूप विशिष्ट प्रसंगीचे होते ते रकान्यात बसताच सर्वसाधारण नियमासारखे दिसू लागते.

पूर्ण वर्तमानकाळाच्या बाबतीत याच पद्धतीचा दोष अधिक ठळकपणे दिसतो. पोर्तुगीज ‘तेन्यु फालादु’ आणि इंग्रजी ‘आय हॅव स्पोकन’ यांची घडण सारखी आहे : ‘जवळ असणे’ या अर्थाचे साहाय्यक क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित. रकान्यात ती शेजारी शेजारी बसावी हे साहजिकच. अर्थ मात्र भिन्न आहे. पोर्तुगीज रूप ‘अलीकडे मी वारंवार बोलत आलो आहे’ असे सुचवते. एकदाच घडलेल्या क्रियेला, तिचा परिणाम वर्तमानकाळापर्यंत पोचत असला तरी, पोर्तुगीज भाषक ‘फालेइ’ हे साधे भूतकाळी रूपच योजतो. उलट ‘मी दहा वर्षे येथे राहतो’ हे सांगताना तो मराठी माणसाप्रमाणेच वर्तमानकाळ वापरतो, आणि तेथे इंग्रजीला पूर्ण वर्तमानकाळ हवा असतो. तात्पर्य, जेथे घडण जुळते तेथे अर्थ जुळत नाही, आणि जेथे अर्थ जुळतो तेथे घडण जुळत नाही.

५

एकोणिसाव्या शतकात या अध्ययनाचे केंद्र ब्राझीलकडे सरकले. नेपोलियनच्या स्वारीमुळे पोर्तुगालचा राजदरबार १८०८ साली रिओ द जानेइरोस गेला. त्याच वर्षी ब्राझीलची बंदरे मित्रराष्ट्रांच्या व्यापारास खुली झाली. २२ जून १८०९ च्या राजाज्ञेने रिओ येथे फ्रेंच व इंग्रजी या भाषांची अध्यापकपदे निर्माण करण्यात आली. १८३७ मध्ये स्थापन झालेल्या पेद्रू द्वितीय विद्यालयात आधुनिक भाषांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले. तरीही शिकवण्याची तऱ्हा लॅटिनचीच राहिली : रूपावली पाठ करणे आणि उताऱ्यांचे भाषांतर करणे.

या शतकात पोर्तुगीजभाषकांच्या इंग्रजीची जगभर जी थट्टा झाली तिचे निमित्त होते १८५५ साली पॅरिसमध्ये निघालेले एक पोर्तुगीज-इंग्रजी संभाषणपुस्तक. त्याच्या मुखपृष्ठावर झुझे द फोन्सेका आणि पेद्रू कारोलिनु अशी दोन नावे होती. १८८३ मध्ये लंडन व बॉस्टन येथे त्याच्या विनोदी आवृत्त्या निघाल्या. बॉस्टनच्या आवृत्तीस मार्क ट्वेन यांनी प्रस्तावना लिहिली. पुढील संशोधनात असे दिसून आले की, फोन्सेका यांचे मूळ पुस्तक पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणाचे होते व ते सदोष नव्हते. कारोलिनु यांनी त्यातील फ्रेंच मजकुराचे इंग्रजी कोशाच्या आधाराने शब्दशः केले. म्हणजे ज्या पुस्तकास पोर्तुगीज माणसाच्या इंग्रजीचा नमुना म्हणून हसण्यात आले, ते वस्तुतः रकान्यांच्या पद्धतीचाच अतिरेक होता : एका भाषेतील शब्दासमोर दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवला की भाषांतर झाले, हा त्यामागचा समज. हसणाऱ्यांनी पुस्तकाला नावे ठेवली; परंतु ज्यांच्या हाती ते शिकण्यासाठी पडले असेल त्यांचा विचार फारसा कोणी केला नाही.

६

विसाव्या शतकात दोन दिशांनी बदल झाला. पहिला अध्यापनपद्धतीतील. ब्राझीलमधील १९३१ च्या शिक्षणसुधारणेने आधुनिक भाषांसाठी प्रत्यक्ष पद्धती अधिकृत केली. १९३४ मध्ये रिओ येथे इंग्रजी संस्कृतीच्या प्रसारासाठी संस्था स्थापन झाली, आणि १९३८ साली ब्रिटिश कौन्सिलचे कार्यालय लिस्बनमध्ये सुरू झाले. इंग्रजी संकेतवाक्यांचे पहिला, दुसरा व तिसरा असे प्रकार पाडून शिकवण्याची रीत याच शतकात रूढ झाली. थॉमसन व मार्टिनेट यांच्या १९६० सालच्या व्याकरणाने ती दूरवर पोचवली. लॅटिन अर्थांची नावे तिने टाकली, हा तिचा गुण. परंतु तिने क्रमांक दिले, कारण दिले नाही. दुसऱ्या प्रकारात भूतकाळ का, तो भूतकाळ नसून वास्तवापासूनचे अंतर कसे, हे क्रमांकावरून उमगत नाही.

दुसरा बदल पोर्तुगीज व्याकरणातच झाला, आणि इंग्रजीच्या अध्यापनाशी त्याचा उद्देश म्हणून काही संबंध नव्हता. ‘कोंप्रारिया’ या जातीच्या रूपास परंपरेने संकेतार्थ असे नाव देऊन त्याची स्वतंत्र अर्थात गणना केली जाई. स्पॅनिशच्या बाबतीत आंद्रेस बेल्यो यांनी एकोणिसाव्या शतकातच या रूपास भूतोत्तर काळ म्हटले होते. ब्राझीलमधील व्याकरणकार मानुएल सैद अली (१८६१–१९५३) यांनी पोर्तुगीज रूपासाठी ‘भूतकाळातील भविष्य’ अशा आशयाचे नाव पुरस्कारिले. २८ जानेवारी १९५९ रोजी ब्राझीलच्या शिक्षणमंत्रालयाने व्याकरणाची एकरूप परिभाषा शाळांसाठी जाहीर केली; तीत हेच नाव स्वीकारून ते रूप स्वार्थाच्या काळांत घातले गेले. पोर्तुगालने १९६७ साली आपली परिभाषा ठरवली, तीत मात्र जुने नाव राहिले. पुढे १९८४ मध्ये ब्राझीलचे सेल्सु कुन्य व पोर्तुगालचे लिंडले सिंत्रा यांनी मिळून लिहिलेल्या व्याकरणात ब्राझीलची संज्ञा घेतली गेली.

वरकरणी हा नावाचा वाद आहे. वस्तुतः त्याने दोनशे वर्षे झाकलेली गोष्ट उघडी केली. ‘कोंप्रारिया’ हे भूतकाळातील भविष्य आहे असे ज्यास शाळेत सांगितले जाते, त्याला ‘वुड’ हे ‘विल’चे भूतकाळी रूप आहे हे समजणे अवघड जात नाही. मग प्रधानवाक्यात ‘वुड’ का आणि गौणवाक्यात ते का नाही, याचे उत्तरही त्याच्या आटोक्यात येते : त्याच्या स्वतःच्या भाषेतही ‘से’ या अव्ययानंतर ‘कोंप्रारिया’ येत नाही. भविष्य-संभावनार्थाची अडचण मात्र या नव्या नावाने दूर झाली नाही. तेथे इंग्रजीत जोडीदारच नाही, हे स्पष्ट सांगणे एवढाच उपाय उरतो.

७

या प्रश्नाकडे मराठी वाचकास परका म्हणून पाहण्याचे कारण नाही. १९६१ पूर्वीच्या गोव्यात घरी कोकणी अथवा मराठी, शाळेत पोर्तुगीज, आणि पुढे उदरनिर्वाहासाठी मुंबईस आल्यावर इंग्रजी, असा क्रम अनेकांच्या वाट्यास आला. त्यांना संकेताच्या तीन घडणी एकत्र हाताळाव्या लागल्या. मराठीत भावी संकेतासाठी ‘पाऊस पडला तर’ असे म्हणतात; कोकणीत ‘पावस पडलो जाल्यार’. दोन्ही ठिकाणी रूप भूतकाळाचे, रोख मात्र भविष्याकडे. पोर्तुगीज ‘फिझेर’ हेही पूर्णकालीन अंगापासून निघाले आहे, हे वर सांगितलेच. संकेत आधी पुरा झाला असे कल्पावयाचे व मग त्याचे फल सांगावयाचे, ही दृष्टी या भाषांत समान आहे. असिद्ध संकेतात मराठी ‘असते’ हे रूप दोन्ही उपवाक्यांत योजते. ‘सोबेरा’ व ‘व्हिएरा’ यांची जुनी पोर्तुगीज जोडी आणि जुन्या इंग्रजीतील दुहेरी ‘हॅड’ ही त्याच वळणाची होत. म्हणून मराठी विद्यार्थ्यास इंग्रजी शिकवताना ‘पडला’ या रूपाला भूतकाळ म्हणून सोडून देणे हे पोर्तुगीज विद्यार्थ्याच्या ‘शोव्हेर’ला भविष्यकाळ म्हणून सोडून देण्याइतकेच अनर्थकारक ठरते.

येणेप्रमाणे या इतिहासातून निष्पन्न होते ते असे. पोर्तुगीजभाषकांच्या इंग्रजी संकेतवाक्यांतील चुकांमागे तर्क आहे. ज्या नावांनी त्यांना त्यांची स्वतःची भाषा शिकवली गेली, त्या नावांचा तो तर्कशुद्ध परिणाम होय. लॅटिनच्या रकान्यांनी दोन भाषांतील खरे साम्य, म्हणजे भूतकाळातून पाहिलेले भविष्य, आणि खरा भेद, म्हणजे एकीकडे अर्थ व दुसरीकडे काळ, ही दोन्ही नजरेआड केली. इंग्रजीतील तीन प्रकार सांगण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या भाषेतील रूप प्रत्यक्षात काय कार्य करते, हे त्याच्यासमोर मांडणे हे अध्यापकाचे पहिले काम आहे. आणि ते करावयाचे तर त्या भाषेच्या व्याकरणाचा इतिहास अध्यापकास अवगत असला पाहिजे.